आईचं तेलकट पुस्तक

आज उगाच हुक्की आली म्हणून माळा आवरायला काढला आणि एका जुन्या पिशवीत आईचं तरला दलालचं पुस्तक सापडलं. कव्हर गायब, बेक्ड व्हेजिटेबलच्या पानावर तेलाचा एवढा मोठा डाग की मैदा किती घ्यायचा तेच दिसत नाही. मग काय, पसारा तसाच आणि मी स्टुलावर बसून वाचतेय.

मला कायम वाटायचं ह्या बाई पक्क्या मुंबईच्या, तर जन्म चक्क पुण्यातला निघाला, १९३६ चा! लग्नानंतर मुंबईला आल्या, १९६६ ला घरातच कुकिंग क्लास सुरू केले, आणि पहिलं पुस्तक १९७४ ला म्हणजे पस्तिशी उलटल्यावर, आणि मग थांबल्याच नाहीत, शंभराच्या वर पुस्तकं, वर टीव्ही शो. आमच्याकडे तो शो लागला की आई वही-पेन घेऊन बसायची आणि आम्हाला बोलायची बंदी.

सगळं शाकाहारी हां, पण थाई, मेक्सिकन, इटालियन काही सोडलं नाही बाईंनी. अंडं न घालता केक होतो हे आमच्या घरात त्यांच्यामुळेच कळलं. २००७ ला पद्मश्री मिळाली, स्वयंपाकासाठी पद्मश्री, मला तर हे फार भारी वाटतं. २०१३ ला गेल्या.

मैद्याचं माप विचारायला आईला फोन लावला तर म्हणे, "अगं घाल अंदाजाने, मी कुठे कधी मोजलाय!"

मग वही कशाला भरत होतीस गं??