कुकरची शिट्टी

"हलायचं नाही हं आक्का. अलुगाडबेड्री," एमआरआयवाल्या पोरानं मराठी-कन्नड एकातच सांगून टाकलं.

मंगळसूत्र, जोडवी, केसातली पिनसुद्धा काढून ह्यांच्याकडं दिली. काचेच्या बांगड्या तेवढ्या हातात राहिल्या. ह्यांनी सगळं रुमालात बांधून खिशात टाकलं, गणपत गल्लीतल्या बाजाराच्या यादीशेजारी.

आत नुसती ठकठक. हातात रबरी फुगा, घाबरलं तर दाबायचा. नाही दाबला. डोक्यात एकच, दूध झाकलंय का?

बाहेर आले तर ह्यांचा चेहरा उतरलेला. धस्स झालं. रिपोर्ट तर उद्या मिळणार, मग काय?

"खानापूरहून आईचा फोन. कुकरची शिट्टी सापडंना म्हणती."

फडताळात, मिठाच्या बरणीमागं. एवढ्या वर्षांत घरात कुणालाच माहीत नाही?