उभ्या घोडीचं ऑपरेशन

आज एका घोडीच्या अंडाशयावरची गाठ काढली, आणि ती पूर्ण वेळ चार पायांवर उभी होती. सांगितलं तर लोकांना थाप वाटते.

घोड्याला पूर्ण भूल देणं हे आमच्या कामातलं सगळ्यात धास्तीचं प्रकरण. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पोटशूळाच्या केसेस वगळूनही, भुलीनंतर सुमारे 0.9 टक्के घोडे दगावले होते. माणसांच्या ऑपरेशनला हा आकडा कुणी खपवून घेईल का? पाचशे किलोचं धूड आडवं झालं की खालचे स्नायू चेपतात, फुप्फुसं दबतात. खरी भीती तर पुढे, शुद्धीवर येताना. घोडा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. अर्धवट शुद्धीतच उठायला धडपडतो आणि कधीकधी पाय मोडून घेतो.

म्हणून गुंगीसाठी डेटोमिडिनचं ड्रिप, जोडीला वेदनाशामक ब्युटॉर्फॅनॉल, कुशीत लोकल (तेवढाच भाग बधिर करणारं इंजेक्शन). मान खाली, कानांत कापसाचे बोळे. घोडी उभी असल्याचा फायदा असा की आतडी खाली राहतात आणि अंडाशय दुर्बिणीतून समोर लटकलेलं दिसतं. मात्र कापण्याआधी त्याच्या देठातही लोकल टोचावंच लागतं, नाहीतर गुंगीतली घोडीसुद्धा नेमकी लाथ घालते. (गुंगी म्हणजे झोप नव्हे, हे मदतनिसांना दर वेळी सांगते.)

गाठ मोठी होती, चीर थोडी वाढवावी लागली. आता गुंगी पूर्ण उतरेपर्यंत वैरण बंद, नाहीतर घास अन्ननलिकेत अडकायचा. बाईसाहेबांना हे अजिबात पटलेलं नाही. रिकामी बादली आपटणं चालू आहे.