घाटमाथ्यावर टिळा

रत्नागिरीकडच्या बहुतेक पायी दिंड्या कार्तिकीला निघतात, आषाढीला नाही. आषाढीच्या दिवसांत आम्ही गुडघाभर चिखलात लावणी करत असतो. कार्तिकात भात कापून झालेलं असतं, पाऊस गेलेला असतो. पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला असं करत पंढरपूरपर्यंत जवळपास 300 किलोमीटर. रोज 25 धरले तर बारा दिवस.

पहाटे चारला गोपीचंदन लावायचं. तळहातावर पाण्यात उगाळून दोन उभ्या रेघा, मध्ये बुक्का. किनाऱ्याच्या दमट हवेत ते नीट सुकतच नाही आणि साखरप्याच्या पुढे चढ लागला की घामाबरोबर भुवयांत उतरतं, डोळ्यांत गेलं की चुरचुरतं. आंबा गावात पोचल्यावर ज्याचा टिळा सकाळसारखा कोरा करकरीत दिसतो, तो टेम्पोतून आला असं समजावं. विचारू मात्र नये. त्याचा त्याला आरसा मिळतोच.

दिंडीत कोण कशासाठी आलंय, हेही विचारत नाहीत. तरी दोन दिवसांत सगळं कळतं. कुणाचा पोराच्या लग्नाचा नवस, कुणाचा सामायिक जमिनीचा दावा वर्षानुवर्षं कोर्टात, कुणाला पुढच्या पंचायतीला उभं राहायचंय, तर एखाद्या चाकरमान्याला पोट कमी करायचंय. याला आमची हरकत नाही. हेतू घेऊनच माणूस घराबाहेर पडतो. त्यातला सगळ्यात चिवट म्हणजे वाऱ्या मोजणं. ‘माझी अकरावी’ हे वाक्य ज्याच्या तोंडी दिवसातून तीनदा येतं, त्याच्या पायांकडे लक्ष ठेवावं, कारण तो दुखणं लपवतो आणि सातव्या-आठव्या दिवशी कोसळतो.

पायांचं सांगायचं तर फोड येतात ते ओलाव्याने आणि घासण्याने. घाटाखाली मोजे घामाने भिजतात, म्हणून दहाच्या विसाव्याला ते बदलायचे आणि ओले पिशवीला बांधून वाळवायचे. बूट नवे नकोत, निदान महिनाभर वापरलेले हवेत. फोड मोठा, ताणलेला असेल तर उकळलेल्या सुईने कडेला टोचून पाणी काढावं, वरची कातडी सोलू नये. मधुमेह असलेल्याने टोचाटोचीच करू नये, डॉक्टरला दाखवावं. प्यायच्या लिटरभर पाण्यात दोन चमचे कोकमाचं आगळ टाकावं, त्यात मीठ असतंच. घाट चढलो की हवा कोरडी होते, रात्री थंडी पडते, ओठ फुटतात. पेजेवर वाढलेल्या पोटाला तिथल्या भाकरीची सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर अर्धीच खावी.

पण फोडाचाही दागिना होतो. पट्टी बांधून लंगडणाऱ्याला पुढे जागा मिळते, चहा आधी मिळतो, मग फोड बरा झाला तरी पट्टी सुटत नाही. अनवाणी चालण्याचं तेच. रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यात खडीवर अनवाणी चालून तळवे फाडून घेण्यात भक्ती किती आणि बघणारे किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आमच्या मते खरी परीक्षा टेम्पोच्या यादीची. सामान वाहणाऱ्या टेम्पोत पुढे दोन-तीन माणसांची सोय असते. उद्या बसायचं असेल तर रात्रीच्या हरिपाठानंतर नाव सांगायचं. पहिले काही दिवस नावाबरोबर लांबलचक कारणं येतात: गुडघा, जुनं ऑपरेशन, बायकोने फोनवरून घेतलेली शपथ. मिरजेच्या पुढे काही जण नुसतं म्हणतात, ‘माझं नाव लिहा.’ कारण नाही, लाज नाही. इतका मोकळा झालेला माणूस दुसऱ्या दिवशी बहुधा पुन्हा चालायलाही लागतो. बाकीचे कारणं शोधत लंगडत राहतात.

वीणेचं वेगळं. वीणा खाली ठेवायची नाही, दमलं की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. ती देताना आधी वीणेला हात जोडायचे, मग घेणाऱ्याच्या पाया पडायचं आणि त्यानेही देणाऱ्याच्या. वय, जात, हुद्दा काही बघायचं नाही. नवख्यांना एवढंच सांगतो: सहाव्या दिवसानंतर पाया पडताना अंगठ्याला हात लावू नका, घोट्याला लावा. बोटांना बहुतेकांच्या फोड असतात.