वस्तीच्या गाडीने आलेली ट्यूब

गाडीला काय झालंय हे मालवणी मुलखात कुणी आधी विचारत नाही. आधी ‘खंयसून इलात?’, मग ‘खंय जातास?’, मग ‘हंयसर कोणाकडे?’ आणि शेवटी आडनाव. माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक रिमवर बसलेलं, रेनकोटच्या गळ्यातून पाणी थेट पाठीवर उतरतंय, आणि छत्री घेऊन समोर उभे असलेले काका माझं मूळ गाव शोधून काढतायत. पुण्यात कुणी इतक्या चौकश्या केल्या असत्या तर मी तोंड वाकडं करून निघून गेलो असतो. इथे निघून जायला चाक नव्हतं.

श्रावणातली संध्याकाळ. कोल्हापूरहून गगनबावडा, करूळ घाट, तळेरे आणि नांदगाव तिठ्यावरून देवगड असा आलो होतो. कुणकेश्वराचं दर्शन घेऊन मिठबावमार्गे आचऱ्याकडे निघालो, आणि आचरा जवळ आलं तेव्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, गाडी मागून डुलायला लागली. ट्यूबलेस टायर असता तर बाहेरून दोरी खुपसून भागलं असतं. माझी तारांची चाकं, ट्यूबवाली. अख्खं चाक काढल्याशिवाय काही होत नाही. त्यात मागचं चाक, सामान लादलेलं आणि दोनशे किलोच्या आसपासची गाडी.

ऑफिसातल्या एकाचं गाव कणकवलीजवळ आहे, एवढं सांगितल्यावर काकांचं समाधान झालं. त्या गावात त्यांच्या मावसबहिणीचं सासर निघालं. तिथून ते ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आले आणि एकदम कामाला लागले. चौकशी म्हणजे भोचकपणा असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पण नाव-गाव कळल्याशिवाय हे लोक फोन तरी काय म्हणून लावणार? ‘कोणतरी रस्त्यात आडाकलो हा’ म्हटलं तर समोरचा सावकाश येतो. ‘आपल्या अमक्याच्या ओळखीचो’ म्हटलं की लगेच निघतो.

काकांना पंक्चरमधलं काही कळत नव्हतं. ज्याला कळतं तो कुठे असेल ते मात्र पक्कं ठाऊक होतं. चतुर्थी तोंडावर, तेव्हा तो गणपतीच्या शाळेत. कोकणात मूर्ती घडवतात त्या जागेला शाळाच म्हणतात. घरोघरचे पाट आधीच तिथे पोचवलेले असतात आणि ज्या त्या घरची मूर्ती त्या त्या पाटावर बसते. फोन लागला, पण त्याच्या हातात मूर्तीचे डोळे आखायचा ब्रश होता. ‘डोळे अर्धे टाकून कसो येव?’ हे मलाही फोनबाहेर ऐकू आलं. त्याचं म्हणणं रास्तच होतं.

तोवर दोन पोरांनी गाडी मागून उचलत, ढकलत काकांच्या खळ्यात आणली. तासाभराने तो आला. बोटांना सोनेरी रंग, पिशवीत नट खोलायचे पाने आणि टायर उचकटायच्या पट्ट्या. चाक काढून ट्यूब बाहेर घेतली आणि बादलीत बुडवून बघायचीही गरज पडली नाही. ती व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटली होती, तिथे पॅच धरत नाही. नवी ट्यूब हवी, १८ इंची, आणि ती मालवणात.

मग आणखी एक फोन. मालवणातला दुकानदार शटर ओढत होता. त्याने ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली आणि एस.टी. स्टँडवर जाऊन वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिली. वस्तीची गाडी म्हणजे रात्री गावात मुक्कामाला येऊन पहाटे परत फिरणारी. ती किती लोकांची औषधं, पत्रिका आणि फणस वाहते त्याची नोंद कुठल्याही तिकिटावर नसते. त्या रात्री तिने माझी ट्यूब आणली.

चाक बसवायला सकाळ उजाडणार होती, म्हणून मुक्काम पडवीत. काकूंनी कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात वाढला. मी ‘उगाच तुम्हाला त्रास’ वगैरे पुणेरी पुटपुटत होतो. काका म्हणाले, ‘आमी गावपळणीक तीन राती भायर काढतंव, तुका पडवीत एक रात जड जाता?’ आचऱ्याची गावपळण ऐकून माहीत होती. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर राहायला जातो. घर सोडून राहायची अशी सवय असलेल्यांना घरात आलेला परका फारसा जड होत नसावा, असा माझा अंदाज.

सकाळी पेज पिऊन होईपर्यंत चाक बसलं. पंक्चरवाल्याने ट्यूबचे आणि मजुरीचे पैसे घेतले, अगदी रोखठोक, आणि मला ते आवडलं. काम केलं, दाम घेतला, उपकाराचं ओझं नाही. काकूंपुढे नोट धरली तेव्हा मात्र त्या चिडल्या. ‘पैशे कसले? सावंतवाडीक जातस मां? मग ह्यां माझ्या चेडवाक दी.’ आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची बाटली आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा स्टीलचा डबा. काल ट्यूब आणणारी वस्तीची गाडी पहाटेच गेली होती. आज तिच्या जागी मी.

सावंतवाडीत मोती तलावाजवळचं घर सापडायला वेळ लागला नाही. लेकीने पातोळे काढून घेतले, डबा धुतला, पुसला, त्यात रव्याचे लाडू भरले आणि झाकण लावून माझ्याच हातात दिला. ‘आवशीचो डबो रिकामो कसो धाडू?’

मी म्हटलं, मी आंबोलीवरून वर चढणार, आचऱ्याला परत जाणार नाही. ती म्हणाली, ‘मगे?’ आणि आत चहा टाकायला गेली. चहा पिऊन झाल्यावर मी डबा बॅगेत नीट बसवला आणि गाडी कुडाळच्या रस्त्याला लावली.