गाडी मोडीत काढली त्या दिवशी

17 ऑक्टोबरला माझी गाडी एमओटीत नापास झाली आणि 11 नोव्हेंबरला ट्रक येऊन तिला दारातून घेऊन गेला. मधले पंचवीस दिवस ती आमच्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या घरासमोर उभी होती. रोज सकाळी मी पडदा सरकवून तिच्याकडे बघायचे. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, चालतेय की अजून. मग मोडीत कशाला घालतेस?" मला तिला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात जे साठलंय ते आज लिहून काढते.

एमओटी म्हणजे इथली गाडीची वार्षिक तपासणी. 1960 मध्ये ती सुरू झाली तेव्हाच्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टची ही आद्याक्षरं. खात्याचं नाव पुढे बदललं, तपासणीला मात्र तेच चिकटलं. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी न्यायची. निळ्या पाटीवर तीन पांढरे त्रिकोण असलेलं कुठलंही गॅरेज चालतं, फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. ब्रेक, दिवे, धूर, सीटबेल्ट बघतात, टायरची खाच 1.6 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर नापास करतात, आणि शेवटी गाडी वर उचलून खालचा पत्रा बघतात. माझी गाडी त्या पत्र्यावर अडली.

अकरा वर्षं मी एकाच गॅरेजात जातेय. एरवी मी बाहेरच्या खुर्चीत बसते आणि तिथला मेकॅनिक कागद आणून देतो. या वेळी त्याने मला आत, रॅम्पखाली बोलावलं. हातात एक छोटं ठोकायचं हत्यार होतं. पुढच्या बाजूला ठोकलं तर टण् टण् वाजलं. ड्रायव्हरच्या दाराखाली ठोकलं तर नुसतं थप्. त्याने पुन्हा ठोकलं आणि गंजाचे पापुद्रे सुटून माझ्या तळहातावर पडले, पोह्याच्या पापडाचा चुरा असावा तसे. तो म्हणाला, सीटबेल्टचा बोल्ट इथून जवळच आहे, त्याच्यापासून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा असा खाल्लेला असेल तर मी पास करू शकत नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "उद्या कुणी ठोकलं तर हा बेल्ट तुम्हाला धरेल याची मला खात्री नाही."

हे सगळं मिठाने केलं. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री ट्रक फिरतात आणि तपकिरी मीठ पसरत जातात. चेशरमधल्या विन्सफर्डला त्याची मोठी खाण आहे. ते मीठ पाण्याबरोबर उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि वर्षानुवर्षं आतून खात राहतं. हिवाळ्यात गाडी खालून धुवायची असते हे मला कळलं तोवर उशीर झाला होता. गाडीचा यात काहीच दोष नाही हे मुद्दाम सांगते. सोळा वर्षांत 88,412 मैल, म्हणजे सुमारे 1 लाख 42 हजार किलोमीटर, आणि इंजिन अजून ठणठणीत. आय-टेन होती, चेन्नईजवळच्या कारखान्यात बांधलेली. इथे पहिल्यांदा ती घ्यायला गेले तेव्हा विकणाऱ्याने दार उघडलं, चौकटीवरची मेड इन इंडिया अशी पट्टी मला दिसली आणि मी तिथेच ठरवलं. दुसरी एक गाडी दोनशे पौंडांनी स्वस्त होती. ती मी बघितलीसुद्धा नाही.

आता या एमओटीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. सरकारी वेबसाइटवर कुठल्याही गाडीचा नंबर टाका, तिच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात. कुठल्या वर्षी काय बिघडलं होतं, कशाकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं होतं आणि त्या दिवशी किती मैल झाले होते. त्या पंचवीस दिवसांत मी रात्री जेवण झाल्यावर ती यादी उघडून बसायचे. पहिली नोंद 2012 ची. तेव्हा गाडी एका आजींकडे होती. 2009 मध्ये सरकारने योजना काढली होती, दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी मोडीत द्या आणि नवीवर दोन हजार पौंड सूट घ्या. आजींनी त्यातच ही घेतली होती. त्या ती जेमतेम दुकानापर्यंत न्यायच्या, मैल मोजून वाढलेले. 2014 नंतरचे आकडे माझे. वर्षाला आठ हजारांच्या आसपास. 2020 च्या टाळेबंदीत तीन हजार. आणि ऑक्टोबर 2016 ते ऑक्टोबर 2017, फक्त 1,904.

ते वर्ष बाबांच्या आजारपणाचं. मी नोकरीवरून बिनपगारी रजा घेऊन सात महिने सांगलीत होते, गाडी इथे दारात उभी. नवरा बॅटरी उतरू नये म्हणून रविवारी एक चक्कर मारून आणायचा. नातेवाईकांत अजून कुणी कुणी बोलतं, मुलगी शेवटी शेवटी आली म्हणून. त्यांना मला हा आकडा दाखवावासा वाटतो. एका परक्या देशाच्या दप्तरात तो लिहिलेला आहे आणि कुणाला खोडता येणार नाही.

बाबांच्या चेतकचं असं काही दप्तर नाही. तिची जी काही नोंद आहे ती माझ्या अंगात आहे. मी जन्मले त्या वर्षी, 1976 मध्ये, त्यांनी स्कूटरला नंबर लावला आणि मी तिसरीत असताना ती घरी आली. आठ वर्षं! आज एका बोटावर गाडी बुक करणाऱ्या माझ्या भाच्याला हे खरं वाटत नाही. ज्यांच्याकडे परदेशातून आलेला पैसा होता त्यांना लवकर मिळायची. आमच्याकडे कुठला? आली त्या दिवशी आईने उंबऱ्यापाशी तिला ओवाळलं, गल्लीतल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि बाबा आम्हा तिघांना घेऊन गणपती मंदिराला गेले. मी पुढे उभी, हँडलच्या मधोमध हात धरून. दादा बाबांच्या आणि आईच्या मध्ये. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेल्या त्या एका स्कूटरवर आमचं सगळं घर मावत होतं.

सकाळी ती एका किकमध्ये कधी सुरू व्हायची नाही. बाबा आधी तिला स्वतःकडे तिरकी करायचे, पेट्रोल नीट उतरावं म्हणून. चोक ओढायचे. मग चपलेची टाच किकवर ठेवून एक, दोन. तिसऱ्याला ती खोकायची आणि ऑइलमिश्रित पेट्रोलचा निळसर धूर अंगणातल्या तुळशीपर्यंत जायचा. तो वास मला अजून कुठे आला तर मी थांबते. इथे एकदा जुन्या स्कूटरवाल्यांचा मेळावा चालला होता, तिथे आला. मी रस्त्यातच उभी राहिले. नवऱ्याला वाटलं मला चक्कर आली.

सोळाव्या वर्षी माझी स्वतःची लुना आली, कारण 50 सीसीची बिनगिअरची गाडी तेव्हा त्या वयात कायद्याने चालवता यायची. विलिंग्डन कॉलेजला जायला. आयर्विन पुलावर उलटा वारा असला की पायडल मारून तिला मदत करावी लागायची. पण आमच्या गल्लीत स्वतःची गाडी असलेली पहिली मुलगी मी होते. बाबांना त्यावरून लोकांनी ऐकवलं आणि बाबांनी कुणालाही उत्तर दिलं नाही. उलट पुढच्या सुट्टीत मला चेतक शिकवली. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही, मनगट दुखून यायचं. पुढे पुण्यात नोकरी लागल्यावर कायनेटिक होंडा घेतली, बटण दाबलं की सुरू. चांगली गाडी होती, लग्न झाल्यावर विकली. तिच्याबद्दल एवढंच.

इथे 2008 मध्ये आले आणि सहा वर्षं बसने फिरले. चारचाकीचा परवाना अडतिसाव्या वर्षी, तिसऱ्या परीक्षेत मिळाला. पहिल्या दोन वेळा परीक्षकाने लिहिलं की मी चौकात विनाकारण थांबते. सांगलीच्या कापड पेठेत वर्षानुवर्षं गाडी चालवलेल्या बाईला हे! मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. जिथे समोरून कोण कुठून येईल याचा भरवसा नसतो तिथे वाढलेला माणूस थांबून बघतो. ती सावधगिरी आहे. अकरा वर्षांत माझ्या गाडीला माझ्या चुकीने एक ओरखडा आलेला नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा का देऊ शकले नाही ते आता सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45. आमच्या घरात खालच्या मजल्यावर पाणी, आई-दादा वरच्या मजल्यावर, नंतर बोटीने बाहेर. बाबांची चेतक अंगणात शेडखाली उभी होती. कितीतरी दिवस ती पाण्याखाली राहिली. पाणी उतरल्यावर इंजिनात, टाकीत, पुढच्या डिकीत, सगळीकडे गाळ. आठवड्याभराने दादाने ती भंगारवाल्याला दिली. अंगणातच तराजू लावला, किलोच्या भावाने वजन केलं, रोख पैसे हातात दिले आणि टेम्पोत घातली. मला हे चार दिवसांनी कळलं. मी इथे बसून दादाला नको नको ते बोलले. बाबांची एकच वस्तू राहिली होती, मला विचारलं का नाहीस, मिस्त्रीला तरी दाखवायचीस. तो एवढंच म्हणाला, "तू इथं नव्हतीस गं." घरात गुडघाभर गाळ होता, आईला उलट्या होत होत्या, आणि मी दोन हजार पौंडांचा सोफा घेण्याच्या विचारात होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

मिस्त्रीला दाखवायचीस असं मी म्हटलं होतं ते मात्र उगीच नाही म्हटलं. दाराखालचा असला पत्रा सांगलीत कुणीही एका दिवसात कापून नवा जोडून दिला असता, रंगासकट. इथेही वेल्डिंग होतं. मला 760 पौंड सांगितले, आणि हेही सांगितलं की मागचा भागही पुढच्या वर्षी जाईल. गाडीची किंमतच त्याच्या निम्मी नव्हती. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी करून गाडी पुढे पाच वर्षं चालवतात त्याला इथले माझे काही मित्र हसतात. मला हसू येत नाही. आपल्याकडे हात स्वस्त आहेत आणि वस्तू महाग, म्हणून माणसं वस्तू दुरुस्त करायला शिकली. त्याच वेळी हेही खरं की मी सीटबेल्टच्या त्या बोल्टपाशी हात लावून बघितला आहे. माझी मुलगी त्या गाडीत बसायची. कुणीतरी दर वर्षी खाली वाकून ठोकून बघतो, हे मला हवं आहे. सांगलीतही हवं आहे. गाडी आपली म्हणून तिच्यावर कितीही माया असली तरी खालून ठोकून बघायला परकाच माणूस लागतो.

नापास झाल्यावर मी दादाला फोन केला आणि चेतकबद्दल बोलले होते त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सहा वर्षं झाली की त्याला." मग म्हणाला, "तुझी किती किलो भरंल?"

11 नोव्हेंबरला सकाळी साडेनऊला ट्रक आला. भंगाराचे पैसे रोख देणं इथे कायद्याने बंद आहे. ड्रायव्हरने फोनवर काहीतरी केलं आणि माझ्या खात्यात 210 पौंड आले. गाडी नष्ट केल्याचं प्रमाणपत्र नंतर येईल म्हणाला. सामान काढलंत का, त्याने विचारलं. मी काढलं आहे म्हणून सांगितलं आणि तरी पुन्हा एकदा आत गेले. डॅशबोर्डवरचा गणपती आधीच घरात नेला होता. सीटखाली मुलीची एक जुनी पेन्सिल सापडली. समोरच्या कप्प्यात, गाडीच्या पुस्तकात, आईने पोस्टाने पाठवलेली आपट्याची पानं, प्रत्येक दसऱ्याचं एक, बारा पानं. 2014 चं हात लावताच चुरलं. मी तशीच सीटवर बसून राहिले. तो माणूस बाहेर पावसात उभा होता. काच खाली केली तेव्हा म्हणाला, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही." बॉनेटवर दसऱ्याचं हळदकुंकू अजून होतं. त्याने साखळी लावताना हात तिथे लागू दिला नाही, हे मी पाहिलं.

चालू होते का, त्याने विचारलं. मी किल्ली फिरवली.

संध्याकाळी आईचा फोन आला. कितीला गेली, हे विचारेल असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "जाताना सुरू झाली होती का गं?"

"हो. एका किल्लीत."

"तुझ्या बाबांना तीन किक लागायच्या," आई म्हणाली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.