क्वार्क, जवसाचं तेल आणि एल्बेकाठची सकाळ

जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शिकायला येणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. महिन्याला खायला किती लागतात? आणि जिम कुठली लावायची? हे प्रश्न वेगवेगळे विचारले जातात, पण माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. जो सकाळी उठून व्यायाम करतो त्याला भूक लागते, आणि ती भूक कँटीनच्या काउंटरवर भागवायची की घरच्या डब्यात, यावर महिनाअखेरीचा हिशोब ठरतो. हे सविस्तर लिहितेय कारण इथे येऊन व्यायाम सुरू करणारे खूप आहेत, आणि खाण्यावाचून तो सोडून देणारेही तेवढेच आहेत.

आधी पैशांचं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला हातात ९९२. त्यातून वसतिगृहाचं भाडं आणि आरोग्य विमा आधी जातो, मग फोन, सेमिस्टरची फी, रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी. खाण्यासाठी दीडशे ते दोनशे युरो उरतात, आणि ते पुरतात. अट एकच: रोजचं खाणं बाहेरून विकत घ्यायचं नाही.

व्यायामाचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे. विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्राचे कोर्स सेमिस्टरभरासाठी अगदी कमी पैशांत मिळतात. नोंदणी ऑनलाइन एका ठरलेल्या वेळी उघडते आणि लोकप्रिय कोर्स बघता बघता भरतात, तेवढं लक्ष ठेवायचं. धावायला तर काहीच लागत नाही. मी योहानश्टाट भागात राहते. तिथून एल्बे नदीच्या काठाकाठाने १८९३ च्या निळ्या लोखंडी पुलापर्यंत, ज्याला लोक ब्लाउएस वुंडर म्हणतात, सरळ सपाट वाट आहे. पावसाळी दिवशी ग्रोसर गार्टन ही मोठी बाग जवळ पडते, झाडांखाली पाऊस जरा कमी लागतो. जूनमध्ये पाच वाजायच्या आत उजाडतं. डिसेंबरात सूर्य आठच्या सुमारास उगवतो, म्हणजे सकाळचा व्यायाम मिट्ट काळोखात. काळोखात उपाशीपोटी बाहेर पडणं आणि उजेडात पडणं यात मनाला फार फरक पडतो, म्हणून हिवाळ्यात मी चार घास जास्तच खाऊन निघते.

आता मुद्द्याचं. सकाळच्या व्यायामाचं खाणं आदल्या रात्रीच ठरतं. रात्रभर झोपेत यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बराच उतरतो, स्नायूंमधला मात्र फारसा हलत नाही. म्हणूनच तासभर आरामात पळायचं असेल तर अर्धं केळं आणि पाणी एवढ्यावर भागतं, काहींना तेही लागत नाही. पण चढावर पळायचं असेल, वजनं उचलायची असतील, तर आदल्या रात्री पोटभर भात, बटाटा किंवा पोळी गेलेली असावी लागते. माझे जर्मन शेजारी संध्याकाळी थंड ब्रेड-चीज खाऊन मोकळे होतात. मला ते पचतं, पण दुसऱ्या दिवशी पायांत जोर राहत नाही. मी रात्री मुगाची किंवा मसुराची खिचडी टाकते, वरून तेल आणि लसणाची फोडणी, आणि ती बऱ्यापैकी जास्त करते.

व्यायामाआधी काय टाळायचं तेही सांगते. चिकट, तुपकट, फार चोथा असलेलं काहीही. स्निग्ध पदार्थ आणि तंतुमय पदार्थ पोटात जास्त वेळ राहतात, आणि पळताना ते जाणवतं. शेंगदाण्याचा लाडू मला प्रिय आहे, पण तो नंतर. आधी केळं, नाहीतर पांढऱ्या ब्रेडची एक चकती आणि मध. कॉफी चालते, ती अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, कारण कॅफिनचा अंमल चढायला तेवढा वेळ लागतो.

व्यायाम झाल्यावर मात्र मी क्वार्कवर येते, आणि या पदार्थाबद्दल कितीही लिहिलं तरी थोडं. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा जर्मन भाऊ. मागेरक्वार्क, म्हणजे साय काढलेल्या दुधाचा, अर्ध्या किलोचा डबा स्वस्त दुकानात सव्वा युरोच्या आसपास मिळतो. १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे डब्यात ६०. जिमवाले ज्या पावडरीचे डबे घेऊन फिरतात त्यांचा भाव किलोला वीस-पंचवीस युरोंच्या वर असतो. प्रथिनांच्या हिशोबाने क्वार्क त्याहून स्वस्त पडतो, शिवाय तो खाल्ल्यासारखा वाटतो. पावडर वाईट नाही, पण विद्यार्थ्याच्या खिशातून ती यायची काही गरज नाही.

नुसता क्वार्क खाल्ला तर तोंडात कोरडा, पिठूळ लागतो. इथल्या लोकांची युक्ती अशी: त्यात दोन-तीन चमचे फसफसतं मिनरल वॉटर घालायचं आणि काट्याने जोरात फेटायचं. अर्ध्या मिनिटात तो हलका, मऊ, जवळजवळ साईसारखा होतो. दूध घातलं तरी चालतं, पण पाण्याने तो जास्त फुलतो. मग दोन वाटा निघतात. गोड हवा असेल तर ओट्स, किसलेलं सफरचंद, दालचिनी. तिखट हवा असेल तर बारीक कांदा, मीठ, हिरवी पात.

आणि या दुसऱ्या वाटेवर मला माझं घर भेटलं. ड्रेस्डेनच्या पूर्वेला लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. तिथलं पारंपरिक जेवण म्हणजे सालासकट उकडलेले बटाटे, कांदा-पात घातलेला क्वार्क आणि त्यावर ओतलेलं जवसाचं तेल. आमच्या विदर्भात जवस कुणाला नवीन नाही, जवसाच्या चटणीवर तेल घालून भाकरीशी खाणं हे आमचं नेहमीचं. इथल्या मैत्रिणीने पहिल्यांदा तो सोनेरी पिवळा ओघ माझ्या ताटात ओतला तेव्हा वासावरूनच मी ओळखलं. जवसातल्या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ जातीच्या स्निग्धाम्लाचा असतो, मासे न खाणाऱ्यांसाठी ही मोलाची गोष्ट. पण हेच आम्ल तेलाला नाजूकही करतं. ते लवकर कडवट होतं, तापवलं तर वायाच गेलं. लहान, गडद बाटली घ्यावी, फ्रिजमध्ये ठेवावी, काही आठवड्यांत संपवावी. फोडणीला कधीही नाही.

उकडलेले बटाटे मी रात्रीच जास्त करून ठेवते. सकाळी पळून आल्यावर थंड बटाटा, फेटलेला क्वार्क, एक चमचा जवसाचं तेल, वरून घरून आणलेली जवसाचीच चटणी. हे माझं आवडतं खाणं आहे, इथलं आणि तिथलं दोन्ही एका ताटात.

प्रथिनं किती लागतात यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज वाद होतो. जर्मनीच्या पोषण संस्थेची साधारण प्रौढांसाठी शिफारस आहे वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडापोषणातले तज्ज्ञ १.४ ते २ ग्रॅम सांगतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे किमान ८४ ग्रॅम. ३०० ग्रॅम क्वार्कमधून ३६ येतात, ८० ग्रॅम कोरड्या मसुरातून २० च्या आसपास, ओट्सच्या मोठ्या वाटीतून १०, दोन अंड्यांतून १३, आणि ब्रेड-पोळीतून उरलेले. सगळं मिळून दोन युरोंच्या आत बसतं. अंडी न खाणाऱ्याने तेवढीच उसळ वाढवावी. आणि व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात खाल्लं नाही तर सगळं फुकट, ही भीती मनातून काढून टाका. दिवसभरात एकूण किती गेलं हे जास्त महत्त्वाचं. सकाळच्या लेक्चरला जायचंय म्हणून क्वार्कचा डबा पिशवीत टाकून नऊ-साडेनऊला खाल्ला तरी काही बिघडत नाही. इथे कामावरचे लोक त्या वेळेला दुसरी न्याहारी करतातच, वर्गातही कुणी डब्याकडे वळून बघत नाही.

उसळीचं सांगायचं तर मटकी भारतीय दुकानात मिळते. हिवाळ्यात खोली गार असली की मोड येत नाहीत, म्हणून भिजवलेली मटकी फडक्यात बांधून हीटरच्या जवळ ठेवायची, थेट हीटरवर नाही. दीड दिवसात छान लांब मोड येतात. लाल मसूर मात्र कुठल्याही साध्या दुकानात असते, भिजवावी लागत नाही, वीस मिनिटांत शिजते.

दुपारी मेन्सा, म्हणजे विद्यार्थ्यांचं भोजनालय. तिथे विद्यार्थी, कर्मचारी आणि पाहुणे असे तीन वेगळे दर असतात, आपलं विद्यार्थ्यांचं जेवण साधारण तीन-चार युरोंत होतं. मी रोज जात नाही. ज्या दिवशी सकाळी जड व्यायाम असतो त्या दिवशी जाते, कारण त्या दिवशी गरम, भरपूर आणि दुसऱ्याने केलेलं जेवण हवं असतं. शनिवारी संध्याकाळी बेकरीत आणि दुकानांत तारीख जवळ आलेल्या वस्तूंवर सूट लागते, आदल्या दिवशीचा ब्रेड अनेक ठिकाणी निम्म्या किमतीत मिळतो. राईचा ब्रेड तर दुसऱ्या दिवशीच जास्त चांगला लागतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी केळी आणि क्वार्क घरात हवेतच.

यानंतरचं खास मुलींसाठी. मी इथे अनेकींना पाहते: सकाळी काही न खाता पळायचं, मग कॉफी, मग दुपारी पैसे वाचवायला नुसतं सॅलड, वर मंगळवार नाहीतर चतुर्थी. वजन उतरतं म्हणून कौतुकही होतं. पण शरीराला जेवढं लागतं त्याहून सतत कमी दिलं आणि व्यायाम चालूच ठेवला तर पाळी अनियमित होते, बंदही पडते, हाडं कमकुवत होतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली, आणि ती फक्त ऑलिम्पिकच्या खेळाडूंना होत नाही. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे जा. विम्याचे पैसे दर महिन्याला भरतोच आपण.

लोहाचंही तसंच. डाळ, पालक, राजगिरा खाताना वर लिंबू पिळा, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून घेऊ नका, तासभर थांबा. चहातली द्रव्यं लोह अंगी लागू देत नाहीत. शाकाहारी असाल तर बी-१२ एकदा तपासून घ्या.

उपवास करायचाच असेल तर माझं त्याला अजिबात ना नाही, मीही आषाढीला करते. फक्त त्या दिवशी व्यायाम हलका ठेवते आणि साबुदाण्यावर भिस्त ठेवत नाही, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. भरपूर दाण्याचं कूट, राजगिऱ्याचं पीठ, बटाटा आणि ताकासारखा पातळ केलेला क्वार्क एवढं घेतलं की दुसऱ्या दिवशी पाय जड होत नाहीत.

ऑक्टोबरच्या सेमिस्टरला येणाऱ्यांनी बॅग भरताना जवसाची चटणी, मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि तीन लिटरचा कुकर आणावा. पेढे, खवा, घरचं तूप आणू नका, भारतातून येताना दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. डाळ-तांदळाचं वजनही उचलू नका, इथे मिळतात. त्या जागी पळायचे चांगले बूट आणि एक जाड हातमोज्यांचा जोड टाका.