चिखलभुंगेऱ्यांची एक कुपी आणि उरलेली मादी

नदीकाठच्या सर्वेक्षणातून प्रकाशसापळ्यात, म्हणजे दिव्याने किडे ओढणाऱ्या सापळ्यात, सापडलेल्या भुंगेऱ्यांची एक कुपी माझ्याकडे ओळख पटवायला आली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हेटेरोसेरिडी, दोन जाती’. हेटेरोसेरिडी म्हणजे काठावरच्या ओल्या चिखलात बोगदे खणणाऱ्या चिखलभुंगेऱ्यांचं कुळ. ठळक पिवळे नागमोडी पट्टे आणि मोठे जबडे असलेले एका ढिगात. काळपट, लहान जबड्यांचे दुसऱ्यात.

या कुळात नेमकी इथेच फसगत होते. बऱ्याच जातींत नराचे जबडे मादीपेक्षा मोठे, आणि नरांतही लहानमोठे. नक्षी एकाच जातीत गडद-फिकी होते; कोशातून नुकत्याच बाहेर आलेल्याचा तर रंगच भरलेला नसतो. त्यात अंगावरच्या दाट लवेत चिखल बसतो.

म्हणून आधी धुणं. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, अर्धा तास भिजवणं, मग बारीकात बारीक ब्रश पुढून मागे. खरवडलं की नडग्यांवरचे काटे तुटतात, आणि कुळाची खूण तेच काटे. चपट्या नडगीच्या बाहेरच्या कडेला त्यांची ओळ, पावलाला चारच खंड, मिशा आखूड, त्यांचे शेवटचे सात खंड दातेरी. शेणकिड्यांचे पायही खणायचे असतात, पण त्यांच्या मागच्या पावलाला पाच खंड असतात.

मग भुंगेरा उताणा करायचा. पोटाच्या पहिल्या खंडावर उठावदार रेघेची कमान असते; मागची मांडी तिच्यावर घासून तो आवाज काढतो. वरून उजेड टाकला तर ती दिसत नाही, दिवा अगदी आडवा धरावा लागतो. सर्वेक्षणाच्या फोटोंत मात्र नुसती पाठच असते. याचा मला खरोखर त्रास होतो.

खात्री शेवटी नराच्या जननेंद्रियानेच. भुंगेरा गरम पाण्यात मऊ करून पोटाच्या टोकातून तो अवयव आकड्याच्या सुईने ओढायचा, १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून नळी गरम पाण्यात धरायची. दर पाच मिनिटांनी बघायचं; जास्त राहिला तर इतका पारदर्शक होतो की कडाच दिसत नाहीत. नंतर पाणी, मग ग्लिसरीन. तो भुंगेऱ्याच्याच टाचणीवर, छोट्या कुपीत राहिला पाहिजे. सुटा ठेवलेला अवयव कोणाचा, हे पुढे कोणी सांगू शकत नाही.

दोन्ही ढिगांतल्या नरांचे अवयव सारखेच निघाले. जात एकच.

उरली एक मादी. बाकीचे ५ मिमीच्या आसपास, ही ३ मिमीच्या आत, आणि कमान अर्ध्यातच विरलेली. ही वेगळी जात असावी, पण सोबत नर नाही. मी ‘मादी, जात अनिश्चित’ लिहिलं. प्रकल्पवाल्यांना तक्त्यात नाव हवंच होतं. जगात या कुळाच्या सुमारे ३०० जाती आहेत. आकारावरून अंदाजाने नाव दिलं तर ते पुढच्या प्रत्येक यादीत उतरत जाईल. मी दिलं नाही.

सापळ्यात लांबलांबचे भुंगेरे एकत्र येतात, म्हणून तिचा नर त्यात शोधण्यात अर्थ नाही. दिवसा काठावरच्या ओल्या चिखलात उकरलेल्या बारीक बोगद्यांच्या रेषा बघाव्या, त्यावर पाणी ओतावं. भुंगेरे वर येतात. एका तुकड्यातले नर-माद्या एकाच नळीत, नळीवर चिखलाचा प्रकार आणि पाण्यापासूनचं अंतर. प्रकल्पवाल्यांना एवढंच कळवलं आहे.